या शनिवार-रविवारी कोणता डाव मांडावा? (लाईट असेल आणि नसेल, दोन्ही धरून)

ओटीवरचे_प्यादे (गुहागर), गुरुवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

आर्द्रा लागून आठवडा झाला, आमच्याकडे लावणीची गडबड सुरू झाली आहे, आणि नेमक्या याच शनिवारी माझे कॉलेजातले दोन मित्र पुण्याहून मुक्कामाला येत आहेत. एके काळी आम्ही तिघे रात्र-रात्र जागून ‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा संगणकावरचा लढाईचा खेळ खेळत असू. आता तिघांचीही चाळिशी उलटली आहे, पण खुमखुमी तेवढीच आहे. चौथी भिडू माझी पुतणी. ती अकरावीत आहे आणि बुद्धिबळात मला जेवणाआधी एकदा व जेवणानंतर एकदा असे नियमाने हरवते. म्हणजे माणसे चार, आणि वेळ शनिवारी दुपारी तीनपासून रविवारच्या जेवणापर्यंत.

एक मित्र दोन लॅपटॉप आणणार असून चौघांनी मिळून ‘सिव्हिलायझेशन ६’ हा साम्राज्ये उभारण्याचा संगणकावरचा खेळ खेळावा असा त्याचा आग्रह आहे. अडचण अशी, की गेल्या शनिवारी दुपारी गेलेली लाईट रविवारी सकाळी अकराला आली. आमच्या इन्व्हर्टरवर दोन पंखे आणि तीन दिवे चालतात. साम्राज्ये चालत नाहीत. शिवाय माझे स्पष्ट मत आहे, की मांडलेला डाव त्याच मुक्कामात संपला पाहिजे. अर्धवट राहिलेला डाव अर्धकच्च्या फणसाच्या भाजीसारखा आठवडाभर पोटात राहतो.

तेव्हा चौघांना पुरेल, डोक्याला ताण देईल, दीड दिवसात निकाली लागेल आणि विजेवाचून अडणार नाही, असा कोणता खेळ सुचवाल? आणि तुम्ही स्वतः सध्या काय खेळत आहात, तेही अवश्य लिहा.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण), गुरुवार, रात्री १०:१५

सिव्हिलायझेशनचा हिशेब आधीच मांडून ठेवतो, म्हणजे मित्राची समजूत काढणे सोपे जाईल. या खेळाचा पूर्ण डाव नेहमीच्या गतीने ५०० फेऱ्यांचा असतो. सर्वांत जलद गती निवडली तरी २५० फेऱ्या होतात. चौघांनी एकाच वेळी चाली केल्या आणि फेरीला सरासरी दोन मिनिटे धरली, तर ५०० मिनिटे, म्हणजे आठ तास वीस मिनिटे लागतात. पहिल्या पन्नास फेऱ्या भराभर होतात हे खरे. परंतु पुढे प्रत्येकाची आठ-दहा नगरे झाली, की फेरीला पाच मिनिटेही पुरत नाहीत. कोणी त्याआधीच विजय मिळवला तर गोष्ट वेगळी, पण बरोबरीच्या चार भिडूंत तसे क्वचित घडते. लॅपटॉपची बॅटरी तीन तास टिकली तरी नशीब समजावे.

मी स्वतः सध्या ‘एज ऑफ एम्पायर्स २’च खेळत आहे. २०२२ मध्ये त्यात भारतावरचा विस्तार आला आणि बंगाली, द्रविड व गुर्जर अशी तीन नवी राज्ये मिळाली. द्रविडांचा भर पायदळावर आणि आरमारावर आहे. नदीकाठी राहणाऱ्या माणसाने पाण्याचा नकाशा निवडावा याचे घरच्यांना नवल वाटते. २०२१ च्या जुलैतले पाणी आमच्या माळ्याच्या चौथ्या पायरीपर्यंत आले होते. खेळातले पाणी निदान आपल्या जागी राहते.

आगळ_सोडा (कुडाळ), गुरुवार, रात्री १०:२१

आठ तास वीस मिनिटांत जेवणे धरली आहेत का? गुहागरला पाहुणे येणार आहेत, म्हणजे दहा तास धरा.

दमट_हवा (वेंगुर्ले), गुरुवार, रात्री ११:०२

विजेच्या आधी ओलीचा विचार करा. पावसाळ्यात कोकणात पुठ्ठ्याचा खेळ हा नाशवंत माल आहे. मी तीन वर्षांपूर्वी ‘कटान’ मागवला. तो घरपोच आला तो भिजूनच, आणि विकणाऱ्याने महिनाभर पत्रव्यवहार करून शेवटी हात वर केले. त्यातील षट्कोनी फरशा उन्हात वाळवल्या तेव्हा त्या पापडासारख्या वाकल्या, आणि आज त्या बाहेरच्या चौकटीत एकोणीसच्या एकोणीस कधीच बसत नाहीत. अठरा बसतात आणि एकोणिसावी उडी मारून बाहेर येते. पानांची गत याहून वाईट, कारण जूनमध्ये दोन पाने एकमेकांना चिकटली की वाटणाऱ्याने तेरा मोजले तरी चौदा जातात आणि भांडण होते ते वेगळेच.

म्हणून माझी शिफारस ‘हाइव्ह’ या खेळाची आहे. त्याला पट नाही, पाने नाहीत, फासे नाहीत. प्रत्येकाकडे जाड, गुळगुळीत अशा ११ षट्कोनी सोंगट्या असतात: एक राणीमाशी, दोन कोळी, दोन भुंगेरे, तीन नाकतोडे आणि तीन मुंग्या. एकमेकींना चिकटवत त्या मांडायच्या आणि समोरच्याची राणी सहाही बाजूंनी कोंडायची. चौथ्या चालीपर्यंत स्वतःची राणी उतरवावीच लागते. मुंगी कडेकडेने कुठेही जाते, कोळी बरोबर तीन घरे चालतो, नाकतोडा सरळ रेषेत उडी मारतो, आणि भुंगेरा दुसऱ्याच्या डोक्यावर चढून बसतो. मात्र कोणतीही सोंगटी उचलताना पोळे दुभंगता कामा नये, आणि सगळी गंमत या एका अटीत आहे. खेळून झाल्यावर सोंगट्या नळाखाली धुता येतात. दोष एवढाच, की हा दोघांचा खेळ आहे. चौघे असाल तर जोड्या लावून आळीपाळीने खेळा.

हिशेबी_फासा (रत्नागिरी), शुक्रवार, सकाळी ७:५०

दमट_हवा यांच्या फरशांना माझी सहानुभूती आहे, पण कटानला इतक्यात बाद करू नका. १९९५ सालचा हा खेळ चौघांसाठीच केलेला आहे, दहा गुणांवर संपतो आणि दीड-दोन तासांत निकाल लागतो. आपली वस्ती ज्या अंकाच्या फरशीला लागून असते तो अंक फाशांवर पडला की माल मिळतो, आणि दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी सातची बेरीज सहा वेळा येते. सहाची पाच वेळा आणि आठचीही पाच वेळा. दोन आणि बारा प्रत्येकी एकदाच. एवढे ध्यानात ठेवून पहिल्या दोन वस्त्या मांडणारा आणि ‘बाराला कोणी तरी हवेच’ म्हणून मांडणारा, यांच्यातला फरक तिसऱ्या डावापर्यंत स्पष्ट दिसू लागतो.

आमच्या घरी एकदा मजा झाली. आम्ही चौघे पडवीत खेळत होतो आणि मी तारस्वरात विचारत होतो, “कोणाकडे मेंढी आहे का? एक मेंढी द्या, वीट देतो.” माजघरात तांदूळ निवडत बसलेली आत्या तरातरा बाहेर आली आणि म्हणाली, “मेंढी अशी मागून मिळते होय रे? आधी हुकूम कोणता ते सांग.” तिच्या लेखी मेंढी म्हणजे मेंढीकोटातली दश्शी. लोकर देणारी मेंढी विटेच्या बदल्यात मिळते हे तिला समजावता समजावता आमचा डाव मोडला. मग तिने पत्ते काढले आणि लागोपाठ दोन कोट चढवले.

वजीर_घरात (मालवण), शुक्रवार, सकाळी ९:३०

मला येथे नम्रपणे मतभेद नोंदवायचा आहे. ज्या खेळात फासा टाकावा लागतो त्याला डावपेचांचा खेळ म्हणणे मला पटत नाही. तुम्ही सहा आणि आठवर वस्त्या मांडल्या, सर्व गणित बरोबर केले, आणि तासभर फाशांनी चार आणि दहाच दाखवले, तर तुमची चूक कोणती? जिथे चूक दाखवता येत नाही, तिथे शिकायचे काय?

मी संध्याकाळी वाडीतल्या मुलांना बुद्धिबळ शिकवतो. २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकला आणि त्यासोबत ग्रँडमास्टर किताबही मिळवला. तेव्हापासून माझ्याकडे मुलग्यांपेक्षा मुली अधिक येतात. त्यांतील एकीनेही आजवर ‘नशीब फिरले’ असे म्हटलेले नाही. डाव हरली की ती मागे जाते, अकराव्या चालीवर बोट ठेवते आणि म्हणते, “इथे उंट हलवायला नको होता.” ओटीवरचे_प्यादे, तुमच्या पुतणीला विचारा. तिला फासे आवडतात का?

ओटीवरचे_प्यादे (गुहागर), शुक्रवार, दुपारी १:१०

विचारले. ती म्हणाली, “काकाला फासे दिले तर निदान कधीतरी जिंकेल.”

दर्यात_तांडेल (हर्णे), शुक्रवार, दुपारी ३:००

वजीर_घरात साहेब, तुमचा मुद्दा मी मान देऊन वाचला, पण तो सगळा मला मान्य नाही. १ जून ते ३१ जुलै अशी मासेमारीला बंदी असल्याने होडी वर ओढलेली आहे, जाळी विणून झाली आहेत आणि माझ्याकडे वाद घालायला वेळ आहे.

मी दर्यात जातो तेव्हा वारा मला विचारून वाहत नाही. चूक कुठली ते मात्र सांगता येते. वारा फिरल्यावर जो अडकला त्याची चूक वारा फिरणे ही नसते; परतायचे डिझेल त्याने ठेवले नाही, ही त्याची चूक असते. कटानमध्ये सात पडले की सातहून जास्त पत्ते असणाऱ्याचे निम्मे जातात; तरी सातही पत्ते हातात दाबून बसायचे, मग आठवे घ्यायचे, आणि सात पडून चार गेले की फाशाला शिव्या द्यायच्या, ही त्यातलीच गोष्ट. सात सर्वांत जास्त वेळा येते हे आधीपासून माहीत होतेच की.

सध्या मी मोबाइलवर ‘पॉलिटोपिया’ खेळतो. त्याच्या एका प्रकारात डाव बरोबर ३० फेऱ्यांत संपतो, नेट लागत नाही, आणि मोबाइल एकदा चार्ज केला की चार-पाच डाव होतात. चौघांनी एकच मोबाइल फिरवूनही तो खेळता येतो. पाहुण्यांना सुचवून पाहा.

जुनी_राजवाडी (सावंतवाडी), शुक्रवार, सायंकाळी ६:४५

मेंढीकोटाचा विषय निघालाच आहे, तर आमच्या गावच्या गंजिफ्याची आठवण कोणी का काढली नाही? दशावतारी गंजिफ्यात १२० गोल पाने असतात. दहा अवतारांचे दहा रंग, आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत अशी बारा पाने. तिघे खेळतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस. पाच रंगांत राजा-प्रधानानंतर दश्शी मोठी आणि एक्का लहान. उरलेल्या पाच रंगांत नेमके उलटे, म्हणजे एक्का मोठा आणि दश्शी सर्वांत हलकी. दिवसा खेळत असाल तर रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने उतारी करायची, आणि रात्री कृष्णाचा राजा असलेल्याने.

यात हुकमाचा रंग नाही. कोणत्या रंगातील कोणती पाने होऊन गेली आणि आता हातातले कोणते पान त्या रंगात सर्वांत मोठे उरले, हे दहाही रंगांचे डोक्यात ठेवावे लागते. वजीर_घरात यांना फाशाचा राग आहे. पण येथे पाने वाटली जातात ती नशिबानेच, आणि तरीही मुरलेला खेळणारा दहातले आठ डाव नेतो. माझे आजोबा शेवटची दहा पाने उरली की समोरच्या दोघांच्या हातातली पाने तोंडी सांगत असत. मला आजही चाळीस गोल पाने एका हातात नीट धरता येत नाहीत, मग पुढचे तर सोडाच.

आगळ_सोडा (कुडाळ), शुक्रवार, सायंकाळी ७:०५

सिव्हिलायझेशनवरून आठवले. पहिल्या खेळात गांधीजी एकदम अणुबॉम्ब टाकू लागत, ते एका चुकीमुळे. त्यांचा आक्रमकपणा १ होता, लोकशाही स्वीकारल्यावर त्यातून २ वजा झाले, आणि संगणकाने उणे एकऐवजी थेट २५५ धरले. अहिंसेचे इतके चोख उत्तर दुसऱ्या कोणत्या खेळात नसेल.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण), शुक्रवार, सायंकाळी ७:३०

आगळ_सोडा, ही गोष्ट मीही वीस जणांना रंगवून सांगितली आहे, आणि ती खोटी आहे. १९९१ च्या त्या खेळात अशी चूक नव्हतीच, असे त्याचे कर्ते सिड मायर यांनी २०२० मध्ये आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे. ही दंतकथा इतकी पसरली होती, की पाचव्या भागात गांधीजींना अण्वस्त्रांची आवड मुद्दामच दिली गेली. तेव्हा वीस जणांना फोन करून चूक कबूल करायची ठरवली आणि तिघांनंतर कंटाळलो.

थळचे_गलबत (अलिबाग), शुक्रवार, रात्री ९:२०

मी या धाग्यावर थोडा स्वार्थाने येत आहे. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले आणि त्यांत आमच्या समोरचा खांदेरीही होता. तेव्हापासून मी एका खेळावर काम करत आहे, आणि मला चार अनोळखी माणसे हवी आहेत, जी तो खेळून त्यातल्या चुका सांगतील. घरातली माणसे आता ‘छान आहे’ एवढेच म्हणतात.

विषय असा. १६७९ च्या ऑगस्टअखेर शिवाजी महाराजांच्या आरमारातले मायनाक भंडारी माणसे घेऊन खांदेरीच्या बेटावर उतरले आणि तटबंदीचे काम सुरू झाले. मुंबईच्या तोंडावर किल्ला उभा राहतो म्हटल्यावर इंग्रजांनी जहाजे आणून बेटाला वेढा दिला, आणि जंजिऱ्याचा सिद्दीही त्यांना येऊन मिळाला. मराठ्यांची गलबते मात्र रात्री उथळ पाण्यातून बेटावर दाणागोटा आणि दगड-चुना पोहोचवत राहिली. १८ ऑक्टोबरला मराठा आरमाराचा सरदार दौलतखान याच्या गलबतांनी उघड हल्ला केला, तेव्हा इंग्रजांचे ‘डोव्ह’ हे जहाज मराठ्यांच्या हाती लागले, पण कॅप्टन केग्विनच्या ‘रिव्हेंज’ जहाजाने टिकाव धरला. पुढे जानेवारी १६८० मध्ये सिद्दीने शेजारच्या उंदेरी बेटावर ठाण मांडले. खांदेरी मराठ्यांकडेच राहिला.

खेळात चार भिडू आहेत: मायनाक, दौलतखान, इंग्रज आणि सिद्दी. समोरासमोर बसणारे जोडीदार, अगदी मेंढीकोटासारखे, आणि जोडीदाराशी बोलायचे नाही. मायनाकाने तटाचे बारा तुकडे पूर्ण केले की त्याची जोडी जिंकते. नकाशा चार्ट पेपरवर आहे. गलबते म्हणजे चिंचोके, जहाजे म्हणजे कोटाची मोठी बटणे. जहाजाच्या तोफा भारी आहेत, पण ते उथळ घरात शिरू शकत नाही आणि वारा पडला की जागचे हलत नाही. गलबत वल्ह्यांवरही चालते.

एका ठिकाणी मी अडलो आहे. प्रत्येक फेरी म्हणजे सहा तास, एक भरती किंवा एक ओहोटी, असे धरले आहे. त्यामुळे पाच महिन्यांचा खेळ माझ्याने अजून एकदाही संपलेला नाही.

वजीर_घरात (मालवण), शुक्रवार, रात्री ९:४१

वाऱ्यासाठी फासा टाकता ना? मला वाटलेच होते.

दर्यात_तांडेल (हर्णे), शुक्रवार, रात्री १०:३०

थळचे_गलबत, सहा तासांची फेरी सोडून द्या. पाच महिन्यांच्या तशा सहाशे फेऱ्या होतील. तोवर खरा किल्लाही बांधून होईल.

आमच्याकडे भरतीचा तोंडी हिशेब असा आहे, की तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास; चतुर्थीला तीन; पुनवेला सव्वाअकरा. चार-दोन घटका इकडेतिकडे होते, पण किनाऱ्यावर बसून घड्याळाशिवाय चालणारा हिशेब आहे. तुमच्या खेळाला मात्र वेळ महत्त्वाची नाही, पाणी किती चढते ते महत्त्वाचे आहे. अमावास्या-पुनवेला उधाण असते: पाणी खूप चढते आणि खूप उतरते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी धड चढत नाही आणि धड उतरत नाही. म्हणजे एक आठवडा उधाणाचा, एक आठवडा भांगाचा. फेरी आठवड्याची करा. ऑगस्टअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत वीस आठवडे, वीस फेऱ्या. उधाणाच्या फेरीत उथळ घरांतली एक ओळ जहाजांना खुली करा आणि भांगाच्या फेरीत पुन्हा बंद करा.

वजीर साहेब, हे तुमच्यासाठीही आहे. पाणी कधी चढणार ते वीसही फेऱ्यांचे आधीच पंचांगात लिहिलेले आहे, तिथे फासा नको. वाऱ्याचे मात्र पंचांग नाही. त्याला फासा टाकलाच पाहिजे, नाहीतर ते पाणी समुद्राचे वाटणार नाही, तळ्याचे वाटेल.

वजीर_घरात (मालवण), शुक्रवार, रात्री १०:५२

भरतीपुरते मान्य. वाऱ्याबद्दल रात्रभर विचार करतो.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण), शुक्रवार, रात्री ११:१५

कल्पना मोहक आहे, परंतु मला एक शंका आहे. ऑक्टोबरपर्यंत वारा वारंवार पडणार, जहाजे जागच्या जागी उभी राहणार, आणि रात्री चिंचोके त्यांच्या नाकाखालून जाणार. मग इंग्रज खेळणाऱ्याने वीस फेऱ्या करायचे तरी काय? इतिहासात त्याची अडचण झाली हे ठीक. पण पुण्याहून पाच-सहा तास प्रवास करून आलेल्या पाहुण्याला हात चोळत बसवणे बरे नव्हे.

थळचे_गलबत (अलिबाग), शुक्रवार, रात्री ११:४०

तांडेल, तुम्ही माझे आठ महिने वाचवलेत. आज रात्रीच नियम नव्याने लिहितो.

वाशिष्ठीकाठ, इंग्रजाला दोन कामे आहेत. तो जहाजे वेढ्यावर ठेवू शकतो किंवा मुंबईस परत पाठवून खर्च वाचवू शकतो, कारण प्रत्येक जहाजाचा दर फेरीला पगार द्यावा लागतो. शिवाय सिद्दी त्याचा जोडीदार असला तरी उंदेरी सिद्दीच्या हाती गेली तर इंग्रजाचे दोन गुण कमी होतात. जोडीदाराशी बोलायचे नाही हा नियम त्यासाठीच ठेवला आहे.

जुनी_राजवाडी (सावंतवाडी), शनिवार, सकाळी ८:०५

जोडीदारावर विश्वास नाही आणि त्याच्याशी बोलताही येत नाही! आमच्या घरी ताईआजी आणि आबा मेंढीकोट असाच खेळत.

ओटीवरचे_प्यादे (गुहागर), शनिवार, दुपारी २:२०

मंडळी, मित्र पोहोचले. एकाच्या संग्रहात ‘हाइव्ह’ होताच. काल रात्री फोन करून तो पिशवीत टाकायला सांगितला. थळचे_गलबत यांचे नियम मिळाले असून पुतणी गेल्या वर्षीच्या दिनदर्शिकेच्या पाठीमागे नकाशा काढत आहे. चिंचोके घरात होते. बटणांसाठी वडिलांच्या जुन्या कोटावर तिचा डोळा आहे. सिव्हिलायझेशनवाला मित्र ऐकायला तयार नाही, म्हणून आधी त्याचे लॅपटॉप उघडत आहोत.

आगळ_सोडा (कुडाळ), शनिवार, दुपारी ४:३०

लाईट आहे का?

ओटीवरचे_प्यादे (गुहागर), शनिवार, दुपारी ४:३४

चार वाजून दहा मिनिटांनी गेली.

ओटीवरचे_प्यादे (गुहागर), सोमवार, रात्री ९:००

आता सविस्तर वृत्तांत देतो.

दोन्ही लॅपटॉप बॅटरीवर पावणेसातपर्यंत चालले. सिव्हिलायझेशन एकसष्टाव्या फेरीत थांबले. मित्राने नुकतेच चौथे नगर वसवले होते आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहवत नव्हते. त्यानंतर इन्व्हर्टरच्या एका दिव्याखाली आम्ही हाइव्ह मांडला. बाहेर पागोळ्या इतक्या जोरात गळत होत्या, की चाल जाहीर करण्यासाठी ओरडावे लागत होते. पुतणीने पहिल्या डावात माझ्या राणीमाशीवर भुंगेरा चढवून ठेवला आणि ती शेवटपर्यंत हलू शकली नाही. दुसऱ्या डावात तिने तेच माझ्या मित्राबाबत केले. तिसऱ्या डावात आम्ही दोघे जोडी करून तिच्याविरुद्ध खेळलो. तो निकाल येथे लिहीत नाही.

खांदेरीचा खेळ रविवारी सकाळी नऊला सुरू झाला आणि साडेअकराला संपला. वीस फेऱ्यांचा हिशेब उत्तम बसला आहे, त्याबद्दल तांडेलांचे आभार. उधाणाच्या फेरीत ती एक ओळ उघडते तेव्हा सगळे पटावर ओणवे होतात. मात्र एक मोठी त्रुटी सापडली. पुतणी सिद्दी होती. तिने पहिल्याच फेरीत उंदेरी घेतली, तिथून खांदेरीकडे जाणारी तीन घरे तोफांखाली आणली, आणि मायनाक झालेल्या माझा तट बारापैकी चार तुकड्यांवरच राहिला. इंग्रज झालेला मित्र दोन गुण गेले म्हणून तिच्यावर रागावला होता, पण बोलायची बंदी असल्याने नुसताच घसा खाकरत होता. आम्ही उपाय असा सुचवतो, की इतिहासाप्रमाणे अठराव्या फेरीपर्यंत सिद्दीला उंदेरीवर उतरू देऊ नये. जेवणानंतर तसा दुसरा डाव खेळलो, आणि तट एकोणिसाव्या फेरीत पूर्ण झाला. वाऱ्याचा फासा सलग तीन वेळा ‘शांत’ पडला तेव्हा इंग्रजाने फासा बदलून मागितला. वजीर_घरात यांनी तेथे असायला हवे होते.

लाईट रविवारी सायंकाळी पाचला आली, पाहुणे निघून गेल्यावर.

एक निरोप दमट_हवा यांच्यासाठी आहे. हाइव्हची एक काळी मुंगी हरवली आहे. ओटी झाडली, खाटेखाली पाहिले, लाद्यांमधल्या फटीही पाहिल्या. सुटी मुंगी मिळते का?

थळचे_गलबत (अलिबाग), सोमवार, रात्री ९:२५

‘छान आहे’ न म्हटल्याबद्दल मनापासून आभार. अठराव्या फेरीची अट आजच घातली. उंदेरीच्या तोफांचा पल्लाही तीन घरांवरून दोनवर आणतो.

वजीर_घरात (मालवण), सोमवार, रात्री ९:५०

सलग तीन वेळा शांत वारा ऑक्टोबरात पडतोच. हे मला काल जेटीवर विचारल्यावर कळले. नियम मलाही पाठवा. सिद्दी माझ्या विद्यार्थिनींना देईन म्हणतो.

दमट_हवा (वेंगुर्ले), सोमवार, रात्री १०:१०

ओटीवरचे_प्यादे, सुटी मुंगी मिळाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. पण ती खेळात कडेकडेने कुठेही जाते, तेव्हा भिंतीच्या कडेने शोधा.

ओटीवरचे_प्यादे (गुहागर), मंगळवार, सकाळी ७:१५

सापडली. आईने पहाटे तांदळाच्या डब्यात माप घातले तेव्हा वर आली. तिने ती आधी झुरळ समजून झाडूने अंगणात फेकली होती, म्हणून धुऊन ठेवली आहे.